पोतोसीच्या दाराचं कुलूप

देल्फिना,

मी पोतोसीला चाललेय, परवा येईन. डॉक्टरांना सांगू नकोस, उंचीवर गेले म्हणून ओरडतील. दम लागू नये म्हणून चघळायला कोकाची पानं घेतलीयेत.

उद्या मृतांचा सण, दुपारी बाराला मेलेली माणसं जेवायला येतात. तुझे बाबा जाऊन हे तिसरं वर्ष. गेलेलं माणूस तीनच वर्षं येतं, यानंतर काही ते यायचे नाहीत. तू म्हणालीस, ताट इथंच मांड. अगं, जन्मभर पोतोसी सोडलं नाही त्यांनी, आता इथं कोचाबांबात आपलं घर कसं शोधतील? तिथल्या जुन्या घराच्या दाराला कुलूप बघून उपाशीच परततील.

तरी तुझ्या शब्दाखातर इथंही ताट मांडलंय. शेंगदाण्याचं सूप फ्रिजमध्ये आहे. माझंच चुकलं आणि ते इथं आले तर? उद्या तरी दुपारी घरी ये. एकट्यानं जेवायची सवय मला झालीये, त्यांना नाही.

आई