शांताकाकूची शाल

भंडारा, शनिवार, संध्याकाळ

आमच्या इंग्रजी विभागाच्या शोधनिबंधाला विद्यापीठाचं पारितोषिक मिळालं. बपेरा गावच्या बायकांची धानाच्या रोवणीची गाणी, इंग्रजी अनुवादासह. लेखक विभागप्रमुख सर, त्यांच्याखाली माझं नाव. लिहिला त्यांनी एकट्याने. मी आज पहिल्यांदा वाचला. त्यात माझ्या शांताकाकूची मुलाखत आहे, गेल्या उन्हाळ्यात घेतलेली. काकू त्याच्या आदल्याच वर्षी गेली. तेरवीची माझी रजा सरांनीच मंजूर केली होती. विसरले असतील?

दुपारी त्यांनी माझ्या हातात शाल ठेवली. "उद्या सत्काराले काकूले घेऊन या."

"सर, काकू गेली ना."

ते जराही दचकले नाहीत. "मले माहीत आहे, मॅडम. तुमचं प्रमोशन याच पेपरवर अडकलं आहे. घरी आई आहे ना तुमची? तिलेच बसवा. तिथं कोण ओळखून राहिलं?"

तेव्हाच नाही म्हणायचं होतं. शाल टेबलावर ठेवून निघायचं होतं. घेऊन आले. कायले आणली?

इथे खुर्चीवरच टाकली होती मी ती. आता नाही.

आतल्या खोलीत आई आरशासमोर उभी आहे, शाल अंगावर घेऊन.

"कोनाची हाय वं हे?" विचारते आहे.