एकाच पत्त्याचे दोन डबे

३ मार्च

नवा राउटर बसला एकदाचा! जुना बिघडला म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीचं काम बघणाऱ्या काकांकडे गेला. इंटरनेटची लाइन देणारी कंपनी फक्त जुन्याचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक, ओळखते, म्हणून मी तोच पत्ता नव्याच्या पोर्टवर हाताने घातला. पाच मिनिटांत सगळ्या हॉस्पिटलचं नेट चालू! साहेब म्हणाले, "शाब्बास!" मी हुरळून गेले. वहीत नोंद करायची राहिली.

११ मार्च

काकांनी जुन्या राउटरचा डबा ठणठणीत करून दिला. मागच्या इमारतीसाठी मी तोही नव्याच्याच स्विचवर, सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीत, जोडला. आणि दुपारपासून सगळं अडखळायला लागलं – लॅबचे निम्मे रिपोर्ट पोचतात, निम्मे गायब. साहेबांनी काकांचा डबा काढायला लावला, तर लगेच सुरळीत!

"काकांचे हात गेले आता," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. काका चष्मा पुसत राहिले. बत्तीस वर्षं झाली त्यांना इथे. मला पहिली केबल बांधायला त्यांनीच शिकवलं.

१२ मार्च

कळलं. दोन्ही डब्यांवर एकच पत्ता! जुन्याचा तो जन्माचाच, नव्यावर मी चढवलेला. स्विच गोंधळणार नाही तर काय? रिपोर्ट कधी ह्या डब्याकडे, कधी त्या. दुरुस्तीत काडीची खोट नव्हती. माती मी खाल्ली.

साहेबांच्या दारापर्यंत गेले. "काय गं?" – "काही नाही, सर." काही नाही! जीभ झडली होती का माझी?

१३ मार्च

कंपनीला फोन करून नव्याचा खरा पत्ता नोंदवून घेतला. मी घातलेला गुपचूप काढला. कुणाला काही कळलं नाही. चोरासारखं वाटलं. चोरच की!

१५ मार्च

सुट्टी. आई म्हणाली, "तोंड पाडून का बसलीयस?" तिच्यावरच खेकसले. वा, बाईसाहेब!

१७ मार्च

काकांनी राजीनामा दिला. मग माझ्या टेबलापाशी आले. "पोरी, त्या दिवशी तू मधे पडली नाहीस ते बरं केलंस. माझ्यापायी तुला ऐकावं लागलं असतं." वर म्हणतात, "हात कधी थरथरायला लागले, माझं मलाच कळलं नाही बघ."

मी मान डोलावली. डोलावली! लाज कशी वाटत नाही मला? वाटते. नुसती वाटून उपयोग काय?

१८ मार्च, दुपारी

साहेबांना सगळं सांगितलं. खूप बोलले. बोलू देत. राजीनाम्याचं बघतो म्हणाले. आता काकांच्या घरी जायचंय.

संध्याकाळी

काका रागावले नाहीत. मी रडत सांगत होते आणि ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "म्हणजे माझे हात ठीक आहेत?" एवढंच विचारलं. मग सुनेला हाक मारली – "अगं, बाळाला आण इकडे!"

आठवडाभर त्यांनी नातीला उचललं नव्हतं. हातातून पडेल म्हणून.