डब्याच्या कपाळावरची घडी

प्रिय साडूभाऊ,

तुम्हाला वाकून आणि ताईंना त्याहून जरा जास्त वाकून नमस्कार (वाढायला त्या असतात, तुम्ही नसता). तुमचा गुडघा, तुमच्या कुंड्या आणि तुमचा तो जुना कूलर कसे आहेत? तिघेही कुरकुरतात असं तुमच्या मागच्या पत्रात होतं. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. खरं सांगायचं तर नुसतं ठणठणीत म्हणून आज भागायचं नाही. सकाळपासून मी दोनदा चष्मा शोधला आणि दोन्ही वेळा तो माझ्या डोळ्यांवरच होता, एवढा मी उत्साहात आहे. साडूभाऊ, आमची गल्ली गाजली! मग बुडाली, आणि कालच्या सभेत पुन्हा वर आली. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्ये मध्ये "बरं, बरं" म्हणता आणि माझी लय बिघडते.

तर ऐका. दोनेक महिन्यांपूर्वी पर्यावरण संशोधन संस्थेतली एक मुलगी आमच्या दारात उभी राहिली. पाठीवर तिच्याच वजनाची पिशवी, उन्हानं सोललेलं नाक आणि बोलण्याचा वेग असा, की मी "या" म्हणेपर्यंत ती गच्चीवर पोचली होती. तिचं म्हणणं असं, की एकाच शहरात ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही. एका गल्लीत माणसं भाजून निघतात आणि दोन गल्ल्या सोडून बरी असतात. हे मोजायचं म्हणून दोनशे गच्च्यांवर दोनशे डबे लावायचे, चाळीस दिवस दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि हवेतली ओल नोंदवायची, आणि ज्या बारा गल्ल्या सर्वांत जास्त तापतील तिथे नगरपालिका यंदाच सावलीची झाडं लावणार, पत्र्यांना पांढरा रंग देणार. झाडंही अशी, की चिमण्यांची आणि मधमाश्यांचीसुद्धा सोय व्हावी (तिच्या संस्थेत चार माणसं नुसती त्याच विचारात बसलेली असतात म्हणे, आणि मला वाटायचं आमच्याच खात्यात माणसं नुसती बसतात). मला तिचं म्हणणं जागच्या जागी पटलं. आमच्या गल्लीत एकच झाड आहे आणि तेही दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेलं. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका तुम्हाला आठवत असतील. वर तापलेला पत्रा, हातात निखाऱ्यांची इस्त्री. गेल्या उन्हाळ्यात घेरी येऊन पडले ते कपड्यांच्या ढिगावर, म्हणून वाचले. आमची गल्ली त्या बारांत येणार हे सांगायला डब्याची गरजच नव्हती.

डबा म्हणजे पांढऱ्या बशा पालथ्या घालून एकावर एक रचाव्यात तसा दिसतो. मुलीनं तीन नियम सांगितले. हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, सावली करायची नाही. आता हे तिनं कुणाला सांगावं? ज्यानं वजनमापं खात्यात एकतीस वर्षं काढली (दर पत्रात सांगता, असं तुम्ही म्हणाल, पण वर्षं काही कमी होत नाहीत), ज्यानं भल्याभल्या दुकानदारांच्या तराजूच्या बुडाला चिकटवलेलं मेण नखानं काढून दाखवलं, त्याला? मी तिच्या कागदावर सही केली आणि वर स्वतःहून माझा जुना शिक्काही मारला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. भारावली असावी.

चाळीस दिवसांनी ती धावतच आली. मागे तिचे साहेब, त्यांच्यामागे दोघे यंत्रंवाले. शहरातले एकशे नव्व्याण्णव डबे दुपारी अडतीस ते त्रेचाळीस दाखवत होते आणि आमचा एकटा छत्तीस! झाड नाही, पाणी नाही, वारा यायला जागा नाही, आणि अख्ख्या शहरात सर्वांत थंड आमची गल्ली! साहेबांनी भिंतींना हात लावून पाहिला आणि चटका बसला म्हणून काढून घेतला, पण तोंडानं "विलक्षण" असंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली आणि मग काय विचारता. लांबून लांबून माणसं थंडावा अनुभवायला येऊ लागली. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून कपाळाचा घाम पुसायची आणि म्हणायची, खरंच हो, फरक जाणवतो! ज्याची त्याची कारणं तयार होती. शिंपी म्हणाला, गल्ली अरुंद म्हणून. समोरच्या गायनशिक्षिका म्हणाल्या, मी पहाटे रियाज करते त्याचा परिणाम (त्याचे इतरही परिणाम आहेत, ते पुन्हा कधीतरी). मीही मागे राहिलो नाही. पाहुण्यांना गच्चीवर नेऊन घरांची तोंडं, वाऱ्याची दिशा आणि भिंतींची जाडी यांवर वीस मिनिटं बोलत असे, आणि खोटं कशाला सांगू, छान बोलत असे. एका बाईंनी वहीत उतरवून घेतलं.

बुडालो ते यादी लागल्यावर. बारा गल्ल्या निवडल्या त्यांत आमची अर्थातच नव्हती. आमचा नंबर दोनशेवा. आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक, पण साहेबांच्या डोक्यात भलतंच शिरलं. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत आमच्यासारख्याच गल्ल्या बांधायच्या, म्हणजे अशाच चिंचोळ्या, बिनझाडाच्या, पत्र्याच्या! त्याचा आराखडा दाखवायला काल शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. सगळी गल्ली नटूनथटून हजर, पहिल्या रांगेत मी, शेजारी ही, तिच्या शेजारी सासूबाई. साहेबांनी आमचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या, आणि शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मागून इस्त्रीवाले काका उठले. टोपी हातात धरून म्हणाले, "साहेब, एवढ्या थंड गल्लीत मला घेरी कशी काय येते?"

मग ती मुलगी हळूच म्हणाली, की एक गोष्ट तिलाही खटकत होती. आमच्या डब्यात रोज दुपारी बारा ते पाच हवेला ओल यायची, समुद्रकाठी असते तशी, आणि समुद्र तर कुठेच नाही. असं म्हणून तिनं सगळ्या हॉलमधून नेमकं माझ्याकडे पाहिलं. साडूभाऊ, एकतीस वर्षं मी दुकानदारांकडे असं पाहत आलो, पण पलीकडच्या बाजूनं ते कसं लागतं हे मला काल कळलं. मी उठलो. मोठ्या मनानं, गल्लीच्या भल्यासाठी, सत्य काय ते सांगून टाकलं.

सत्य असं, की हे सगळं सासूबाईंनी केलं. अडतीस वर्षं तापाच्या वॉर्डात नर्स होत्या त्या. डब्याचा आकडा माझ्या मोबाइलवर दिसतो, तो एका दुपारी त्यांनी पाहिला. त्रेचाळीस! त्या ताडकन उठल्या. यंत्र आहे हो ते, असं मी म्हणालो. यंत्र आहे ते मलाही दिसतंय, म्हणाल्या, पण त्रेचाळीस बघून नुसतं बसायची सवय मला नाही. आणि पातेलंभर गार पाणी आणि धुवट पांढरं फडकं घेऊन जिना चढल्या, डब्यावर घडी ठेवली, तासानं बदलली, पुन्हा तासानं बदलली. आकडा उतरत छत्तीसावर आला तेव्हा एखादं लेकरू वाचल्यासारख्या हसल्या. हे सगळं मी सभेत रंगवून सांगितलं. लोक पोट धरधरून हसले, साहेबसुद्धा. सासूबाई उभ्या राहिल्या, "हो, मीच ठेवल्या घड्या" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आणि आता ऐका! मुलगी रागवायच्या ऐवजी खूश झाली. साहेबांनी आराखडा गुंडाळून काखेत मारला. उन्हाळ्याचे अजून वीस दिवस बाकी आहेत. तेवढ्यात डब्याला कुणी हात न लावता पुन्हा मोजायचं आणि आकडे खरे आले की आमची गल्ली तेरावी म्हणून यादीत घ्यायची, असं ठरलं! इस्त्रीवाले काकांनी तर आत्ताच पत्र्यासमोरच्या जागेवर खडूनं गोल काढून ठेवलाय, झाड कुठे हवं ते. मुलगी म्हणाली, पाच-सहा वर्षांत सावली पत्र्यावर येईल. काका म्हणाले, तोवर मी आहे. मला तर आनंदानं काही सुचेनासं झालंय, म्हणून पत्र इतकं लांबलं. ताईंना आमच्या दोघांचे नमस्कार, कुंड्यांना पाणी बेतानं घाला.

तुमचाच,
धाकटा साडू

ता. क. – एक छोटीशी विनंती. हे वीस दिवस फार नाजूक आहेत. सासूबाईंचा हात केव्हा फडक्याकडे जाईल याचा नेम नाही. तेव्हा तेवढे दिवस त्यांना तुमच्याकडे बोलावून घ्या. ताईंनाच बोलावायला सांगा, माझं नाव मध्ये नको. विज्ञानासाठी एवढं तुम्ही कराल याची मला खात्री आहे. (तुमचा तो कूलर मात्र त्यांच्यापासून लांब ठेवा.)

ता. क. दुसरा – पाकीट अजून चिकटवलेलं नाही, बरं झालं. मघाशी सासूबाई एक घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवून गेल्या. सभेच्या आधीपासून तो त्यांनी आपल्या गादीखाली लपवला होता. "जावईबापू, हा जाळून टाका, कुणाच्या हाती लागायला नको," एवढंच म्हणाल्या.

तो तक्ता आहे. घडी ठेवल्याची वेळ, बदलल्याची वेळ, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. चौतीस दिवसांचा, रेघा आखलेला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या अक्षरात.

साडूभाऊ, आता तुमच्यापासून काय लपवायचं. घड्या त्यांनी घातल्या त्या पहिले सहा दिवस. सातव्या दिवशी त्यांना जिना चढवेना. खाली खुर्चीत बसून दर तासाला विचारायच्या, "बघितलंत का हो त्याच्याकडे?" दोन वेळा नुसतंच हो म्हणालो. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा बघवेना म्हणून पातेलं घेऊन वर गेलो. पुढचे चौतीस दिवस रोज जात होतो. आधी मनाला समजावलं, की फडकं बाहेरून आहे, आतला आकडा खराच असणार. मग बातमी आली, माणसं आली, बाईंनी वहीत उतरवून घेतलं, आणि मला समजावायचीही गरज उरली नाही. तराजूखाली मेण लावणाऱ्याला मी अशा वेळी काय म्हणत असे ते इथे लिहीत नाही. काल भरल्या सभेत मी त्यांचं नाव घेतलं, लोक त्यांना हसले, आणि त्या हो म्हणून बसल्या. मला खूप लाज वाटते आहे. कागद जाळलेला नाही. उद्या सकाळी त्या मुलीकडे घेऊन जातो.

ता. क. तिसरा – जाऊन आलो. मुलीनं तक्ता दोनदा वाचला आणि खुर्चीतून उडालीच! चौतीस दिवसांचे ओल्या फडक्याचे इतके नेटके आकडे तिच्या संस्थेत कुणाकडे नाहीत. पत्रे ओल्या गोणपाटानं झाकले तर गरिबाच्या घरात किती अंश उतरतील, याचा हिशेब तिला आयता मिळाला. तिनं मला सही करायला सांगितली. या वेळी शिक्का मारला नाही. मग इस्त्रीवाल्या काकांपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना दारोदार जाऊन सांगितलं, की घड्या माझ्या. अजून हसताहेत.

तेव्हा वरची विनंती रद्द समजा. सासूबाई इथेच राहतील. गच्चीच्या दाराची किल्ली मुलीनं त्यांच्याच हाती दिली आहे, आणि त्यांचा हुकूम असा, की वीस दिवस मोहाची माणसं घरात नकोत. माझी पिशवी त्यांनीच भरून दाराशी ठेवली आहे. फडकी सगळी काढून घेतली, डब्यात चार लाडू मात्र घातले. उद्या दुपारी हे पाकीट घेऊन मीच पोचतो, साडूभाऊ. ताईंना सांगा, आई रागावलेली नाही, मी विचारलं.