भुऱ्याला घरात घेताना

सोमवार, ६ जानेवारी

कुत्रं आणलंय! न विचारता. मनिष तलासरीला ट्रक लावून घरी आला, तो शर्टात पिल्लू घेऊनच. तीन महिन्यांचं असेल. मळक्या भुऱ्या रंगाचं, पोट फुगलेलं. म्हटलं, "सांभाळणार कोण?" तर म्हणतो, "तू आहेस ना." झालं! दिवसभर अंगणवाडीतली बत्तीस पोरं, वर मोबाईलवर माहिती भरायची, त्यात हे. नवरा आठवड्याचे पाच दिवस ट्रकवर. भांडायचं होतं, पण अंगात ताकद नव्हती. जेवण वाढलं आणि आडवी झाले.

मंगळवार, ७

चप्पल गेली. डावी.

गुरुवार, ९

शेजारच्या बारकीमावशी बघायला आल्या. म्हणाल्या, "कुत्रं पाळायचं तर घर त्याच्या उंचीवरून बघ गो पुष्पा. उभ्यानं काय नाय दिसत." त्या गेल्यावर खरंच खाली बसले, मग ओणवी झाले. बारा वर्षं ह्या घरात राहते, पण खालून कधी पाहिलंच नव्हतं! फ्रिजची वायर सोललेली. पलंगाखाली गंजकं ब्लेड. मोरीच्या भोकातून थेट रस्त्यावर जाता येतं. कोपऱ्यात फवारणीचं औषध, बाटलीचं झाकण सैल.

इथे माणसं कशी जगली, कोण जाणे.

भुऱ्या म्हणायला लागलेय त्याला. नाव असं ठेवलं नाही, तोंडात बसलं.

रविवार, १२

कंबर मोडली. बाटली माळ्यावर, वायरला टेप, मोरीच्या भोकाला जाळी, कुंपणाच्या फटीत बांबूच्या कामट्या. मागच्या विहिरीला कठडा नाही, तिच्यावर जुन्या दारांच्या फळ्या टाकल्या. मनिष घरी होता, सकाळपासून राबला. चहालासुद्धा बसला नाही.

मागच्या दाराला कडी बसवली. तीन वर्षं सांगत होते! कुत्र्यासाठी हात लगेच चालला. बोलून दाखवलं तर नुसता हसला. अंगणात दिवा पण लावलाय. म्हटलं, कुत्र्याला अंधारात दिसतं. तर बल्ब परत फिरवून घट्ट करत बसला.

बुधवार, १५

अंगणवाडीतून आले तर भुऱ्या भाताच्या कणगीजवळ ओकत होता. तोंडाला फेस. बाजूला टोमॅटोची साल. दिवाळीत भात भरलं तेव्हा उंदरांसाठी औषध लावून टोमॅटोच्या फोडी मीच ठेवल्या होत्या. सगळ्या काढल्या असं वाटलं होतं. एक राहिली. सगळं घर ओणवी होऊन बघितलं आणि कणगीमागे बघितलं नाही!

ओढणीत गुंडाळून रिक्षानं डहाणूला नेला. आमच्या आशागडपासून तिथपर्यंत त्याचं डोकं माझ्या मनगटावर लोंबत होतं. गुरांच्या डॉक्टरनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. "वेळेत आणलंत, बाई." मी बाकावर बसून रडले. कुत्र्यासाठी! एवढं तर सासूबाई गेल्या तेव्हा पण रडले नव्हते.

मनिषला फोन केला. वाटलं, ओरडेल. ओरडला नाही. मागे गाड्यांचे आवाज. मग म्हणाला, "त्याला काही झालं तर तू काय करशील?"

म्हटलं, काय करणार, सकाळी उठून कामाला जाईन.

ते त्याला आवडलं नाही.

शनिवार, १८

पातळ पेज प्यायला. अर्धी वाटी. मी त्याच्या बाजूला जमिनीवरच झोपले, दुपारी, दोन तास. कधी झोपले होते अशी?

मंगळवार, २१

सुपरवायझर बाई आल्या, रजिस्टर अपुरं म्हणून बोलल्या. ऐकून घेतलं. घरी आले तर फाटकाशी उभा, अख्खं ढुंगण हलवत. चिडायचं राहून गेलं.

शुक्रवार, २४

मनिष अंघोळीला गेला होता, फोन चार्जिंगला. वाजला म्हणून मी उचलला. कुणी वापीचा माणूस. "भाभी, मनिषभाईला सांगा, मस्कतच्या नोकरीचा व्हिसा आला. दोन वर्षांचा."

तो बाहेर आला. मी सांगितलं. टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिला.

"कधी ठरलं?"

"नाताळच्या आधी."

म्हणजे भुऱ्याच्या आधी. कडीच्या आणि अंगणातल्या दिव्याच्याही आधी.