ए-पॉकेटचा मूळ संशोधक

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे कोर्टात कामी येतात.

सकाळी दुकानात बातमी वाचली. फोन बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्या पेटंटवरून परत कोर्टात. एक म्हणते हिनं माझं तंत्र चोरलं, दुसरी म्हणते तिनंच माझं चोरलं. वर्षानुवर्षं भांडतात आणि जगभर नाव होतं. मी इतकी वर्षं मोबाईलच्या धंद्यात, पण पांढुर्ण्यात माझं नाव फक्त दुकानाच्या पाटीवर. तिथंही अर्धं विजेच्या खांबामागे.

पण आता ए-पॉकेट आहे. ए म्हणजे अरविंद. गळ्यात अडकवायची कापडी पिशवी, समोर पारदर्शक प्लास्टिक, फोन बाहेर न काढता बोट चालतं. खरी अक्कल दुसऱ्या पट्ट्यात आहे. तो कमरेला बांधायचा. मग संत्र्याच्या तोड्यात शिडीवर कितीही वाका, फोन लोंबत नाही, पडत नाही. गेल्या उन्हाळ्यात सासुरवाडीला, लोधीखेड्याला, दुपारी ओसरीत पडलो होतो तेव्हा एकदम सुचलं. बायकोनं, अनुराधेनं, फक्त शिवलं. मापंही तिनंच घेतली आणि कमरेच्या पट्ट्याची जागा तिनंच सांगितली, पण ते टेलरिंग झालं.

संकल्प: महिन्याच्या आत पेटंट.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेटंटचं काम आज सुरू करणार होतो. ग्राहकांची गर्दी. म्हणजे ग्राहक एकच होता, पण फार चिकट.

९ नोव्हेंबर, रविवार. रात्री

विश्वासघात!

संध्याकाळी पूल ओलांडून सावरगावला गेलो. वैभवच्या दुकानाबाहेर ए-पॉकेट ओळीनं टांगलेले. नाव काय तर व्ही-पाऊच. वैभव म्हणजे माझा सख्खा साडू. अनुराधेची धाकटी बहीण चंचल, तिचा नवरा. याला स्क्रीन बदलायला मी शिकवलं. शिकला आणि नदीपलीकडे स्वतःचं दुकान टाकून बसला.

जाब विचारला. म्हणाला, अरविंदभाऊ, काय बोलून राहिले तुम्ही? हे तं माझ्या डोक्यातून निघालं. चंचलनं फक्त शिवून देलं.

फक्त शिवून दिलं! इतकं धडधडीत खोटं माणूस बोलतो तरी कसं?

घरी आल्यावर अनुराधेला सांगितलं, आजपासून चंचलशी बोलणं बंद. ती म्हणाली, बरं. मग आतल्या खोलीत बराच वेळ फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होती. शिक्षिका आहे, शाळेचं काम असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुंडलिकरावांचा सल्ला घेतला. हे शाल-श्रीफळातले जाणकार. गावात कुणाचाही सत्कार यांच्याशिवाय होत नाही, काहींचे तर दोनदा झाले आहेत. म्हणाले, पेटंट-बिटंट मंग पाहू, पयले जनतेत जाहीर करा. सत्कार ठेवू, फ्लेक्स लावू, मंग कोन माईचा लाल म्हनते का हे तुमचं नाही?

पटलं. बड्या कंपन्यांकडे असा माणूस नाही, म्हणून त्यांचं भांडण लांबतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सत्कार झाला. फ्लेक्स बस स्टँडसमोर. डावीकडे मी, हनुवटीला हात लावून. उजवीकडे ए-पॉकेटची पूर्ण आकृती: कापड कोणतं, पट्टा किती लांब, टाका कुठं घालायचा, सगळीकडे बाण. पुंडलिकराव म्हणाले होते की इतकं बारीक कशाला. पण विज्ञान म्हटलं की बाण पाहिजेतच.

भाषणात त्यांनी मला मोबाईलचे जनक म्हटलं. तिथं थोडं जास्त झालं. मी मध्ये बोललो नाही, वडीलधाऱ्या माणसाचा मान राखायला हवा. मग लोकांनी विचारलं, म्हणून पाच-सात जणांच्या गळ्यात बांधून दाखवलं. व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर गेला.

अनुराधा शेवटच्या रांगेत युनिट टेस्टचे पेपर तपासत बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनंही वाजवल्या, पेन दातात धरून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुलापलीकडे वैभवचा फ्लेक्स. माझ्याहून मोठा. त्यावर लिहिलं आहे "मूळ संशोधक". आणि बाण तेच! माझेच बाण!

चहाच्या टपरीवर एकानं मला ऐकू जाईल असं विचारलं, गोटमार तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली न बाप्पा, आता हे काय चालू हाय? गोटमार म्हणजे आमची आणि सावरगावची नदीच्या दोन काठांवरून दरवर्षीची दगडफेक. सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो. लोकांच्या हिताचं काम करावं आणि लोकांनीच दात काढावेत, असल्या गावात कोण काय शोध लावणार? डोकं इतकं तापलं की एका ग्राहकाच्या चांगल्या फोनची काच माझ्याच हातून गेली.

दुपारी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. म्हटलं, पलीकडच्यापेक्षा मोठा कर. म्हणाला, यापेक्षा मोठा मशीनवर निघत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या गाडीनं नागपूर. पेटंटचं काम पाहणाऱ्या श्रुती मॅडमना भेटलो. वय फार कमी. तिथंच शंका आली होती.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, अर्ज करण्याआधी ही वस्तू कुणाला दाखवली का? मी या प्रश्नाची वाटच पाहत होतो. फ्लेक्सचा फोटो दाखवला, व्हिडिओ दाखवला, शालसुद्धा सोबत नेली होती. त्या बाणांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, आकृती फारच स्पष्ट आहे, ही पाहून कुणीही वस्तू बनवू शकेल. मी धन्यवाद दिले.

म्हणाल्या, अडचण तीच आहे. जी गोष्ट अर्जाआधी चारचौघांत उघड झाली ती कायद्याला नवीन राहत नाही. तुम्ही तर सगळ्या पांढुर्ण्याला सांगून मोकळे झालात. आता पेटंट मिळणं अवघड आहे, तुम्हालाही आणि तुमच्या साडूंनाही.

मग विचारलं, ही कल्पना आधी कुणाची? माझी, मी म्हटलं. आणि शिवलं कुणी? मी म्हटलं, ते टेलरिंग झालं. त्यांनी पेनला टोपण लावलं. फीसुद्धा घेतली नाही. धंद्यात नवीन आहेत.

परतीच्या गाडीत शांतपणे विचार केला. पेटंट म्हणजे शेवटी कागद. खरी लढाई मानाची. मूळ संशोधक कोण, एवढं एकदा सिद्ध झालं की बस. वैभवला पेटंट मिळणार नाही हे कळल्यानं तसा दिवस वाया गेला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लेखी जबाब तयार केला. "माझे पती अरविंद यांनी हा शोध केवळ स्वतःच्या बुद्धीने लावला असून मी फक्त शिलाई केली आहे." अनुराधेसमोर ठेवला. तिनं पूर्ण वाचला. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल पेननं दुरुस्त केल्या आणि सही केली.

एका शब्दानं वाद घातला नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. लाल पेनमुळे असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सासऱ्यांचा, केशवरावांचा फोन. दोन्ही फ्लेक्सचे फोटो लोधीखेड्याला पोचले. म्हणाले, उद्या दोघंबी जवाई या, लेकींना घेऊन. तोडा चालू हाय, जास्त वेळ नाही माझ्याजवळ.

छान झालं. मामाजी न्यायी माणूस आहेत. शिवाय मी थोरला जावई.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण ठरवलं आहे तर लिहितो.

ओसरीत बसलो, एका खाटेवर मी, समोरच्या खाटेवर वैभव. चंचलनं आणि अनुराधेनं आल्या आल्या एकमेकींचे हात धरले, आणि स्वयंपाकघरातून जे हसणं सुरू झालं ते थांबेना. मी माझा कागद काढला. वैभवनंही खिशातून कागद काढला. खाली चंचलची सही. मजकूर जवळजवळ तोच, पती, बुद्धी, फक्त शिलाई. म्हणजे मजकुराचीही चोरी. मी तसं बोललो. तो म्हणाला, तुम्हीच चोरला असन. आम्ही दोघं उभे राहिलो.

तेवढ्यात मामाजी बागेतून आले. सदऱ्याची वरची गुंडी काढली आणि आतून गळ्यात अडकवलेली पिशवी बाहेर ओढली. दप्तराच्या कापडाची, विटलेली. समोर साडीच्या डब्याचं प्लास्टिक, पिवळं पडलेलं. कमरेला दुसरा पट्टा. आत त्यांचा जुना बटनांचा फोन.

म्हणाले, माझा पयला फोन शिडीवरून विहिरीत पडला, तवा अनुराधेनं शिवून देलं हे. चंचलनं कापड कापून देलं होतं. लगन व्हाचं होतं दोघींचं. तवापासून गळ्यातच हाय. तुम्हाले इतक्या वर्षांत दिसलं नाही का जवाईबापू?

कागद दोन्ही त्यांनी हातातही घेतले नाहीत. पाणी पिऊन परत बागेत गेले.

दिसलं नाही हे खरं आहे. दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडतो, आणि पाया पडताना मान खाली असते, त्यामुळे गळ्याकडे लक्ष जात नाही. मी हे सांगितलं. वैभव म्हणाला, माझंबी तसंच झालं. बऱ्याच दिवसांनी त्याचं काही पटलं. जेवताना आम्ही शेजारी बसलो आणि पोळीवरून मान वर केली नाही.

परत येताना अनुराधा गाडीवर मागे बसली होती. सौंसर गाव मागे पडलं तेव्हा मला राहवेना. गाडी बाजूला घेतली. म्हटलं, तुला सगळं माहीत होतं, मग त्या कागदावर सही काहून केली?

ती म्हणाली, तुमच्याजवळ दुसरं काय होतं?

रागानं बोलली असती तर भांडता आलं असतं. पदराची गाठ सोडवत, साधं सांगितल्यासारखं बोलली. मग म्हणाली, चला आता, उद्या माझी शाळा हाय.

मी गाडी चालू केली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवीन शोध लावायचा. या वेळी पूर्णपणे स्वतःचा. आणि लागेपर्यंत कुणाला दाखवायचा नाही, पुंडलिकरावांना तर मुळीच नाही.

सकाळपासून काउंटरवर कोरा कागद घेऊन बसलो. दुपारपर्यंत काही सुचलं नाही.

शेवटी अनुराधेला फोन केला. म्हटलं, तुला सध्या काही सुचून राहिलं का?

म्हणाली, वर्गात आहो मी. ठेवा.