नऊवर भागेल काय?

अष्टमी, रोहा
एप्रिल १९९६, बुधवार

आदरणीय सॅमसनमामांस,

नथानियलचा सादर शालोम, वि. वि. इकडे आम्ही सर्व जिवंत आहोत. (हे वाक्य एरवी सवयीने लिहितो, या वेळी मुद्दाम लिहिलं आहे. का, ते पुढे कळेल.) मामींचे गुडघे, नाओमीची नोकरी आणि तुमची दाढ, तिघांचीही चौकशी करायला आईने सांगितलं आहे, ती केली असं समजावं.

माझं विचाराल तर मी दमलो आहे. बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आलो, चपला काढल्या, आणि बाबांनी बंगलोरच्या कायद्याच्या कॉलेजचं माहितीपत्रक पुढ्यात टाकलं. मे महिन्यात प्रवेश परीक्षा. देशभरातून मूठभर पोरं घेणार. त्यात 'लीगल रिझनिंग' नावाचा एक प्रकार असतो. वर कायद्याचं एक तत्त्व देतात, खाली एक भानगड देतात, आणि चारांतलं एक उत्तर निवडायचं. भानगडी सगळ्या क्ष आणि य यांच्या. ही दोन माणसं रोज एकमेकांच्या विहिरीत पडतात, एकमेकांच्या भिंती पाडतात, आणि निस्तरायचं मी. परवा क्षचा बैल यच्या अंगावर धावून गेला. भरपाई कोणी द्यायची याचा मी विचार करत होतो, तर आजोबा कॉटवरून म्हणाले, "बैलाला धोंडे मारा. लिवलंय तसं." मी म्हटलं, तो पर्याय दिलेला नाही. "मंग पेपर काढणाऱ्यानं तोराची पोथी वाचलेली नाय," म्हणाले आणि कुशीवर वळले. (तुमचे वडील आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.) आई भेंडी चिरता चिरता यची बाजू घेते, कारण तो तिला गरीब वाटतो. बाबा शिफ्टवरून येतात, दोघांनाही दोषी ठरवतात आणि झोपतात. अशा कोर्टात माझा अभ्यास चालला आहे.

शिकवणी पेणला, आजोबांच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांकडे, दर रविवारी. एसटीत बसलो की नागोठण्यापर्यंत मूलभूत हक्क पाठ होतात, वडखळच्या पुढे मार्गदर्शक तत्त्वं होतात, आणि पेणला उतरलो की दोन्ही विसरतो.

आता दोष कोणाचा यावर येतो. मामा, तुमचा. तुम्ही होता तेव्हा शनिवारी सिनेगॉगमध्ये आपण अकरा पुरुष होतो. दहा नसले तर पूर्ण प्रार्थना नाही आणि सेफेर तोरा बाहेर काढणं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही कायमचे परदेशी जायला विमानात बसलात आणि मी दहावा झालो. तेव्हापासून मला सर्दी व्हायची मुभा नाही. शनिवारी उठायला उशीर झाला तर सगळे दाराशी येऊन उभे राहतात. या सगळ्यांनी मी पास व्हावं म्हणून एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललाय, आणि त्यातला प्रत्येक जण मला एकट्याला गाठून विचारतो की रोह्याच्या कॉलेजात काय वाईट आहे? मला जायचं आहे, मामा. पण मी गेलो की अष्टमी गावात नऊ उरतात, आणि मग शनिवारचं काय, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

तर झालं असं, की वकीलसाहेब बाहेरगावी होते म्हणून आदल्या रविवारी शिकवणी झाली नाही, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी ती रविवारऐवजी शनिवारी ठेवली. मला येता येणार नाही हे कळवायला हवं होतं. फोन करायचं काम आजोबांनी आपणहून घेतलं. (तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ते फोनला हात लावत नाहीत.) ते पुलाजवळच्या एसटीडीवर गेले आणि 'नथानियल दहावा आहे, म्हणून शनिवारी येणार नाही,' असं सांगून आले. निदान घरी तरी त्यांनी तसं सांगितलं. पलीकडे वकीलसाहेबांचा कारकून गुणाजी होता. त्याच्या कानावर पडलं, शनिवारी नथानियलचा दहावा आहे.

शनिवारी आमची प्रार्थना चालू असताना वकीलसाहेब आणि गुणाजी पांढरे कपडे घालून दारात उभे. आत बघतात तर दहा माणसं डोकी झाकून, अंगावर शाली घेऊन, खालच्या सुरात पुटपुटतायत. त्यांना शंकेला जागाच राहिली नाही. बिचारे चपला काढून मागच्या बाकावर बसले. वाटेत शेजारच्या धोंडुबाईंना पत्ता विचारला होता, त्यामुळे त्याही पदर तोंडाला लावून आल्या आणि बायकांच्या बाजूला आईच्या गळ्यात पडल्या. "गो ज्युडिथबाय, आटवडाभर शेजारी रडू नाय आला गो, आमाला कसा कललाच नाय!" आई प्रार्थनेत असल्यामुळे बोलू शकेना, आणि तिला बोलता येईना म्हणून धोंडुबाई आणखी रडल्या. प्रार्थना संपल्यावर मी मागे वळून म्हटलं, "सर, तुम्ही इकडे कसे?" गुणाजी जो ओरडला तो म्हणे नदीपलीकडे ऐकू गेला. "साहेब, ह्यो तं जिता हाय!"

हसू नका, मामा. खरी गोष्ट पुढे आहे. माझा प्रवेशअर्ज इंग्रजी तपासून रजिस्टरने पाठवायला वकीलसाहेबांकडेच होता. तो त्यांनी थांबवून ठेवला. म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नावाने अर्ज करणं म्हणजे फसवणूक, मी सनद गमावली असती." आता तो त्यांच्याकडून आणून आपणच पाठवायचा, आणि शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. मला ताप भरला म्हणून काल आजोबा पेणला जातो म्हणाले, गेले, आणि पोह्याचे पापड घेऊन परत आले. अर्जाचं काय झालं विचारलं तर म्हणाले, पापड चांगले आहेत. फोनवर ते नक्की काय बोलले हे मी अजून विचारलेलं नाही. वकीलसाहेबांनी शिकवलंय, संशयाचा फायदा आरोपीला द्यावा. तो देऊन मी आणखी दमलो आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि तुमच्या दाढेला आराम पडो.

आपला भाचा,
नथानियल

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तिकडे एवढे मोठमोठे रब्बी आहेत. त्यांतल्या एखाद्याकडून अष्टमीपुरतं, खास बाब म्हणून, नऊवर भागतं असं लेखी आणता येईल काय? खाली सही आणि शिक्का हवा, नाहीतर आजोबा मानणार नाहीत. ते जमत नसेल तर तुम्ही स्वतः परत या.

आणखी ता. क. खाली आजोबांसाठी जागा सोडली आहे. त्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत आणि पत्र पोस्टातही तेच टाकणार आहेत. मी झोपतो.

चि. सॅमसन यास अनेक आशीर्वाद. वरचं सगळं वाचलं. रब्बींना त्रास देऊ नये, नऊवर भागत नाही. फोनवर मी 'नथानियलचा दहावा' असंच म्हणालो होतो, गुणाजीचे कान चांगले आहेत. अर्ज अडेल आणि पोर राहील, एवढंच मनात होतं. पण ती माणसं पांढरे कपडे घालून आली तेव्हा मला कळलं काय केलं ते. जित्या पोराचा दहावा मी माझ्या तोंडाने बोललो. काल अर्ज पेणच्या पोस्टातून रजिस्टर केला. त्याला सांगितलेलं नाही, सांगितलं तर तापात उठून नाचेल. बंगलोरला आपली माणसं किती आहेत ते कोणाला तरी विचारून कळव. नऊ असतील तर त्यांना याचं नाव देऊन ठेव.