बंदुकीचं खोकं आणि बासष्ट इंच

९ मार्च, बुधवार
टँकर आज पण नाही. दुपारी वैष्णवीचा फोन. "आबा, नाव लागलं. दिल्लीला निवड चाचणी हाय." मी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाली. आवाज कापत होता, म्हणजे खरं असणार. रायफल धरली की या नातीचा हात कापत नाही, पण आनंद झाला की आवाज कापतो. लहानपणापासून तसंच.
अडचण अशी. बी.ए.चा शेवटचा पेपर २८ तारखेला अंबाजोगाईत, दुपारी एकला सुटणार. २९ ला संध्याकाळी पाचच्या आत दिल्लीत रायफल तपासून घ्यायची. नाही घेतली तर नाव खोडणार. आगगाडी वेळेत पोचत नाही. राहिलं विमान, औरंगाबादहून सकाळचं.
रायफल तिच्या नावची, परवाना तिच्या नावचा. दुसऱ्या कुणी न्यायची सोय नाही. म्हणजे बंदूक विमानात चढली तर पोरीचा उपयोग. नुसती पोरगी चढून काय करणार, टाळ्या वाजवणार?

११ मार्च, शुक्रवार
दूध सोसायटीत गेलतो. माणिकराव चेअरमन म्हणाले, "तिकीट सोसायटीचं. गावाची पोरगी हाय." चांगला माणूस. दूध निम्म्यावर आलंय तरी म्हणाला.
पण कट्ट्यावर एक बहाद्दर होताच. "प्यायला पानी न्हाई आन् पोरगी इमानात?"
मी म्हणालो, "ती इमानात बसली म्हणून तुझी हीर आटली काय बे?"
तो तंबाखू मळायला लागला. पण घरी येईस्तोवर माझंच डोकं तापलेलं. पोरानं ट्रॅक्टर पळवला तर कौतुक, पोरीनं नेम धरला तर पाण्याचा हिशोब.

१३ मार्च, रविवार
वै. घरी आली. बापाला कळवायला दोन दिवस फोन लावतेय, तो आणि तिची आई ऊसतोडीला कर्नाटकात, फोन लागत नाही.
दुपारी तिला घेऊन कारखान्यावर. ऊसच नाही, त्यामुळं दोन हंगाम आपला सहकारी कारखाना बंद. साखरेचं गोदाम रिकामं. या कारखान्याच्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं कारकून होतो, म्हणून वॉचमन अजून दार उघडतो. वै. पोत्यावर पालथी पडते, रिकाम्या रायफलीनं समोरच्या भिंतीवरच्या कागदावर तासभर नेम धरते. गोळी नाही, नुसता चाप. खरी गोळी मारायला महिन्यातून दोनदा औरंगाबादला जाते. मी दाराशी बसून राहतो. तिचा श्वास थांबला की माझा पण थांबतो. म्हातारपणी हे बरं नव्हं, पण होतं.
तिच्याकडं रायफलीला कापडी पिशवी आहे. विमान कंपनीला कडक पेटी पाहिजे, कुलपाची. ती म्हणाली, "तयार मिळती आबा, पुण्यात. मोजमापाची असती."
मी म्हणालो, "आपला गफूर मिस्त्री कावून हाय मग?"

१४ मार्च, सोमवार
धारूरला गफूरकडं. रायफल चव्वेचाळीस इंच. तो म्हणाला, बाहेरून शेहेचाळीस लांब केलं की झालं. मी म्हणालो, वीतभर वाढीव धर.
"कायको दादा?"
आपल्यात झबलं शिवलं तरी वाढत्या अंगाचं शिवतात. उद्या मोठी रायफल घेईल, तेव्हा काय दुसरं खोकं करायचं? सागवान काय रोज मिळतं?
गफूर हसला. "दादा, बंदूक क्या बढती क्या?"
"बंदूक न्हाई वाढत. पोरगी वाढती."
त्यानं मान हलवली आणि पेन्सिलीनं वीतभर पुढं खूण केली.

१७ मार्च, गुरुवार
खोकं तयार. जुन्या दरवाज्याचं सागवान, पितळी कोपरे, दोन बाजूला लोखंडी कड्या, दोन कुलपं. घरचीनं आत गोधडी शिवून बसवली. मग उचलून बघितलं आणि म्हणाली, "नाकापरीस मोती जड झाला की ओ." बायकांना मजबुतीचं काही नसतं.

१८ मार्च, शुक्रवार
विमान कंपनीला फोन. आधी एक दाबा, मग दोन दाबा, मग गाणं. तीन वेळा लावला, तीन वेगळी माणसं. तिघांना एकच विचारलं: खेळाची बंदूक आहे, परवाना आहे, खोकं लांबट आहे, चालेल का?
पहिली: "जी सर, ले जा सकते हैं."
दुसरा: "बुलेट अलग रखिए, बंदूक खाली रखिए. साइज़ का इश्यू नहीं."
तिसरी म्हणाली, "एअरपोर्ट पर पूछ लीजिए."
उंटावरून शेळ्या हाकायचं काम. समोर बसून कुणीच बोलत नाही. म्हणून ठरवलं, आपण स्वतः जाऊन खोकं दाखवून यायचं.

२१ मार्च, सोमवार
हात दाखवून अवलक्षण.
पहाटेच्या एस.टी.नं, खोकं टपावर. औरंगाबादला विमानतळाच्या दारात जवान. मी सरळ सांगितलं, "बंदुकीचं खोकं हाय, माप दाखवायचंय." खोटं बोलायची सवय नाही, तीच नडली. बंदूक शब्द ऐकला आणि त्यानं मला भिंतीकडं उभं केलं. खोकं रिकामं होतं, आत गोधडी. ती पण काढून झटकली. दोन तास खुर्चीवर बसवून घेतलं. नाव, गाव, धंदा, नातीचं नाव, रायफल कुठाय, खोकं रिकामं का. म्हणालो, "भरलेलं आणलं असतं तर काय केलं असतं साहेब?" त्याला हसू आलं, पण दाबलं.
शेवटी कंपनीचा एक साहेब बाहेर आला. कोवळा पोरगा, टाय घातलेला. टेप लावला. पंचावन्न लांब, दहा रुंद, सहा उंच. तिन्ही मिळून एकाहत्तर. म्हणाला, "बाबा, लिमिट बासष्ट. नऊ इंच जास्त."
"फोनवर तर साइजचा प्रश्न न्हाई म्हणले."
"कोणी सांगितलं?"
"तुमच्यातल्या दोघांनी."
"नाव घेतलं होतं का त्यांचं?"
आता फोनवरच्या बाईचं नाव मी काय म्हणून विचारू, या वयात?
तेवढ्यात गाडीतून एक गोरागोमटा उतरला. ढोलाएवढी जाड, लांब पिशवी, आत गोल्फच्या काठ्या. माझ्या खोक्यापेक्षा जास्तच भरेल. ती तशीच आत गेली. मी साहेबाला म्हणालो, हिला टेप लावा की. म्हणाला, "ते स्पोर्ट्सचं सामान आहे बाबा. त्याला वेगळा नियम."
"आमचं पण खेळाचंच हाय."
"नाही. हे शस्त्र."
म्हणजे कागद मागताना विचारणार, कुठल्या खेळासाठी, पत्र दाखवा. आणि माप लावताना म्हणणार, हा खेळ नव्हे. एकाच खोक्याला दोन तोंडं. एकतीस वर्षं काट्यावर बसलो. पुढाऱ्याचा ऊस आणि भूमिहीनाचा ऊस एकाच काट्यावर तोलला. त्यापायी दोनदा बदलीची धमकी खाल्ली. आणि या वयात हे बघायचं.
येताना टपावर चढवायला कंडक्टरनं मदत केली. "आजोबा, पेटी का बाज?"

२२ मार्च, मंगळवार
रात्रभर ती नऊ इंच डोक्यात. सकाळी हाताची वीत लावून बघितली. बरोबर नऊ. म्हणजे जेवढी माझी हौस, तेवढंच खोकं जास्त. गफूरचं ऐकलं असतं तर बरोबर बासष्ट भरत होतं.
कंपनीवरचा राग कमी झाला नाही. पण त्यात आता थोडा आपला पण वाटा आहे, हे लिहून ठेवतो.
वै.ला फोन केला. वाटलं चिडेल. ती म्हणाली, "आबा, कापता येतं ना? मग रडताय कावून?" मी रडत नव्हतो.
गफूरकडं गेलो. त्यानं करवत घेतली, टोकाकडून वीतभर कापलं, नवीन फळी बसवली, कोपरे परत ठोकले. चहा पण त्यानंच पाजला. एकदा तरी "बोला था ना दादा" म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

२६ मार्च, शनिवार
टेप लावून चारदा मोजलं. शेहेचाळीस, दहा, सहा. बासष्ट. घरची म्हणाली, "आता पाचव्यांदा मोजलं तर आटंल ते."
आज टँकर आला. चार घागरी.
वै.च्या बापाचा फोन लागला एकदाचा. "आबा, तिला म्हणावं, भिऊ नको." म्हणालो, ती भीत नाही, तू तुझं बघ.

२८ मार्च, सोमवार
पेपर सुटला. कॉलेजच्या दारातूनच एस.टी. वै. खिडकीशी, रायफलीचं खोकं आमच्या पायाखाली. मांजरसुंब्याच्या घाटात तिला झोप लागली. एक हात खोक्यावर. बीडनंतर दोन्ही बाजूला जनावरांच्या छावण्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "पेटीत काय हाय ओ? बाजा का?" म्हणालो, हो, बाजाच. पहिल्यांदा खोटं बोललो. या विमानवाल्यांनी ही पण सवय लावली.
मुक्काम औरंगाबादला भाचीकडं. गोळ्यांची डबी वेगळ्या बॅगेत, कागद पिशवीत, परवाना वै.च्या गळ्यातल्या पाकिटात. सगळं तिनं लावलं. मला फक्त चष्मा सांभाळायला सांगितलाय.

२९ मार्च, मंगळवार. विमानतळाबाहेर, साडेनऊ
मला आत सोडलं नाही. काचेतून बघत होतो. टेबलावर परवाना, पत्र, रिकामी रायफल, सगळं तपासलं. तिथं काही अडलं नाही. मग टेबलामागच्या बाईनं टेप काढला. कडीपासून कडीपर्यंत. वै.नं बाहेर येऊन सांगितलं, "आबा, चौसष्ट म्हनत्यात. कड्या धरून मोजलं."
कड्या धरून. आमच्याकडं गाडी काट्यावर आली की भरल्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचे. नाहीतर शेतकऱ्याला जू आणि चाकं पण उसाच्या भावानं विकता आली असती. साधी गोष्ट आहे. ज्यात माल नाही ते मालात धरायचं नाही. हे मी त्या बाईला काचेतून कसं सांगू?
वै. म्हणाली, "भांडू नका. स्क्रू डायवर बघा."
टॅक्सीवाल्याकडून आणला. दारातला जवान म्हणाला, हे आत नेता येणार नाही. बरोबर आहे, त्याचा नियम. मग वै.नं खोकं बाहेर फूटपाथवर आणलं. बंदूक आत असलेलं खोकं, म्हणून दुसरा जवान शेजारी उभा. ही गुडघ्यावर बसली आणि एकेक स्क्रू काढायला लागली. आठ स्क्रू. लोक बॅगा ढकलत बाजूनं जात होते, बघत होते. मला संताप आला होता तो वेगळा, पण तिच्या हाताकडं बघितलं तर हात अगदी गोदामातल्यासारखा. शेवटचा स्क्रू गंजलेला. जवानानं इकडंतिकडं बघितलं आणि खोकं दाबून धरलं. म्हणाला, "अब घुमाओ, बेटा."
कड्या माझ्या हातात देऊन ती परत आत गेली. बासष्ट भरलं. बाईनं दोनदा मोजलं.

साडेदहा
वै.चा आतून फोन. "आबा, खोकं घेतलं. पण पावतीवर लिहिलंय, जागा असली तर चढवणार. विमान भरलेलं हाय. आता बसायला बोलवत्यात. खोकं चढलं का न्हाई कुणी सांगंना."
"विचार की."
"तीनदा विचारलं. म्हनत्यात, दिल्लीत पट्ट्यावर कळंल." मग म्हणाली, "बसू का नको?"
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मला विचारलं. म्हणालो, "बस."
बरोबर सांगितलं का, ठाऊक नाही. पण दाराशी उभी राहिली असती तर नाव नक्कीच गेलं असतं.
विमान उडताना दिसलं. पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

दुपारी सव्वातीन
विमान एकलाच उतरलं असणार, पण वै.चा फोन लागत नाही. कंपनीच्या खिडकीशी जाऊन आलो. खोकं मागं राहिलंय का, एवढंच सांगा. "पॅसेंजर कौन? आप? नहीं? तो नहीं बता सकते." म्हटलं, राहिलं असेल तर नुसतं नाही म्हणा, गेलं असेल तर नुसतं हो म्हणा, बाकी काही नको. खिडकी लावून घेतली. घरी जाऊन वरच्या साहेबाला पत्र लिहिणार आहे. गोल्फच्या पिशवीपासून सगळं.
भाचीचा फोन, जेवायला या. नाही गेलो. हंगामात कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, तेव्हा गाडीवान गाडी सोडून कुठं जायचा नाही. नंबर दोन दिवसांनी येवो. माल उभा आहे तोवर आपलं एक माणूस मालापाशी. खोकं आत पडून असेल तर मला कुणी देणार नाही, बघू पण देणार नाही. ते कळतं मला.
जवानाची पाळी बदलली. नवा म्हणाला, "बाबा, यहाँ बैठना अलाउड नहीं." वाद घातला नाही. रस्ता ओलांडून पलीकडं लिंबाखाली बसलो. इथलं माप अजून कुणी काढलेलं नाही.

चार वाजून दहा
वै.चा फोन लागला. वाजला, वाजला, उचलला नाही. परत लावला, उचलला नाही.
उचलत नाही म्हणजे हात गुंतलेले असतील. रायफलीत गुंतले असतील, नाहीतर त्यांच्याशी भांडण्यात. पाचला पन्नास मिनिटं.
परत लावत नाही. तिचं काम असेल तर मोडायला नको.